पिशवीवरची कोथिंबीर

"ताई, आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. आठ वर्षांपासून हडपसरला भाड्याच्या खोलीत राहतो. मिस्टर रिक्षा चालवतात, पण दिवाळीआधी त्यांच्या पायावरून टेम्पो गेला. रॉड टाकलाय. डॉक्टर म्हणतात, अजून तीन महिने तरी रिक्षा नाही. ऑपरेशनमध्ये होतं नव्हतं ते गेलं. मी दोन घरी पोळ्या करते. लोकांच्या घरी चाळीस पोळ्या लाटून येते आणि माझ्या घरी पीठ वाटीनं मोजून मळते. मुलगी पाचवीला महापालिकेच्या शाळेत आहे, मुलगा चार वर्षांचा, सासूबाई सोबत आहेत. रेशनकार्ड गावी दिराकडे आहे, त्यावर आमची सगळ्यांची नावं आहेत. नणंदेचा मुलगा कॅनडात शिकतो. तो म्हणतो, तिकडं फूड बँक असते, जाऊन पिशवी भरून आणायची, पुण्यातपण असेल, शोध. मुलगी शाळेतली खिचडी खात नाही, मैत्रिणी हसतात म्हणे. सासूबाईंना कळलं तर म्हणतील, आता भीक मागायचीच राहिली होती. कुठं जाऊ ते सांगा. आणि कुणाला कळणार नाही असं काहीतरी सांगा."
– एक वाचक, हडपसर

ताई,

भाच्याचं म्हणणं खोटं नाही, पण तो सांगतो तशी पाटी लावलेली बँक तुम्हाला पुण्यात शोधून सापडायची नाही. आपल्याकडे अन्न आहे, पण विखुरलेलं. थोडं रेशन दुकानात, थोडं अंगणवाडीत, थोडं शाळेत, थोडं गुरुद्वारात, थोडं मठात, आणि थोडं कुणा भल्या माणसाच्या डब्यात. त्याचा एक पत्ता नाही, म्हणून माणूस चार ठिकाणी विचारून दमतो आणि पाचव्या दाराशी जाण्याआधी घरी परततो. तेव्हा आधी क्रम लावू. शिजलेलं अन्न एक वेळ भागवतं, धान्य महिना भागवतं. सुरुवात धान्यापासून करायची.

आणि तुमच्या धान्याची पिशवी आत्ताही दर महिन्याला भरली जातेय. फक्त लातूरला.

तुमच्या कार्डावर तुम्ही पाच जण आणि दिराकडचे समजा तीन, अशी आठ नावं धरू. कार्ड 'प्राधान्य कुटुंब' गटातलं असेल (गावाकडची बरीचशी असतात, कार्डावर तसा शिक्का असतो) तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. आठ जणांचं ४० किलो. त्यातलं २५ किलो तुमच्या पाच जणांचं. पूर्वी गव्हाला २ रुपये आणि तांदळाला ३ रुपये किलो मोजावे लागायचे. जानेवारी २०२३ पासून एक रुपयाही लागत नाही. कार्ड अंत्योदयचं असेल तर हिशेब वेगळा, तिथं माणसं मोजत नाहीत, कुटुंबाला ३५ किलो.

आता खरी गोष्ट. हे धान्य घ्यायला लातूरला जावं लागत नाही. कार्ड कुठल्याही गावचं असो, धान्य राज्यातल्या, आणि 'एक देश एक रेशनकार्ड' म्हणतात त्यामुळे देशातल्याही, कुठल्याही रेशन दुकानात उचलता येतं. दुकानात ते छोटं मशीन असतं ना, त्यावर कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार नंबर टाकायचा, कार्डातल्या एका माणसानं अंगठा लावायचा. मूळ कार्ड हातात असायलाच हवं असंही नाही. दिराला फोन करा, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. नंबर मिळाला की काम झालं.

पण इथंच मेख आहे, आणि तुमच्या पत्रात तुम्ही ती अलगद वगळली आहे. कार्डातल्या कुणाही एकाचा अंगठा लागला की सगळ्या घराचं धान्य निघतं. म्हणजे गेली आठ वर्षं तुमच्या वाट्याचं धान्य बहुधा दीरच उचलत असणार. मी त्यांना चोर म्हणत नाही. तुम्ही शहरात, कमावता, तुम्हाला कशाला लागतंय असं त्यांना वाटलं असेल, तुम्हालाही तसंच वाटलं असेल. धान्य तिथं जनावराच्या घमेल्यात गेलं की जावेच्या पिठाच्या डब्यात, हे आता उकरून काढू नका. फोन मिस्टरांनी करावा, तुम्ही नाही. भावानं भावाला सांगावं: "पाय मोडलाय, तीन-चार महिने आमच्या पाच जणांचं इथं उचलतो, तुमच्या तिघांचं तुम्ही तिथं घ्या." मशीनवर असं वाटून उचलता येतं, पूर्ण घ्यायचं की काही किलो, ते सांगायचं असतं. जो आधी जाईल त्यानं दुसऱ्याचं ठेवायचं, एवढाच करार. भाऊ नाहीच ऐकला तर महिना लागताच पहिल्या आठवड्यात तुम्ही आधी दुकानात जा आणि फक्त तुमचे २५ किलो घ्या. त्याचे १५ सोडा. भांडण होईल, पण ते तुमच्या बाजूनं होईल.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र करू नका. "नावच कमी करून टाकतो, पुण्यात नवं कार्ड काढतो" असं कुणी एजंट सुचवील, पैसेही मागेल. नाव कमी करणं सोपं आहे. पुण्यात कार्डही मिळेल. पण त्या कार्डावर धान्य मिळेलच असं नाही, कारण प्राधान्य गटाचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरलेला असतो आणि शहरात तो भरलेला असला की नवं नाव रांगेत राहतं. शिवाय शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे. महिन्याला पाच हजारही नाहीत! हडपसरला तेवढं खोलीचं भाडं होतं. ही मर्यादा कुणी ठरवली त्यानं एकदा पुण्यात भाड्यानं राहून दाखवावं. ते असो. गावचं कार्ड चालू आहे तोवर त्याला हात लावू नका.

दुकानात काय होईल तेही सांगते, म्हणजे दचकायला नको. दुकानदार कार्डाचा फोटो बघेल आणि म्हणेल, "हे इथलं नाही, गावी जा." तुम्ही शांतपणे म्हणायचं, "मशीनवर नंबर टाकून तर बघा." बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. मग म्हणेल, "आमच्या कार्डवाल्यांनाच पुरत नाही." तेव्हा विचारायचं, कुठल्या तारखेला येऊ? तारीख घ्या, त्या दिवशी जा. तरीही नाहीच म्हणाला तर १९६७ या नंबरवर तक्रार नोंदवा, तो दुकानाच्या फलकावरही असायला हवा. त्यावर हललं नाही तर परिमंडळ कार्यालयात (तुमच्या भागातल्या रेशनच्या सरकारी कचेरीत) लेखी अर्ज द्या. अर्ज साधा चार ओळींचा: कार्ड नंबर, दुकान नंबर, तारीख, काय म्हणाला. पोच घ्या. शिबिरांमध्ये मी असे किती अर्ज लिहून दिले असतील, मोजले नाहीत. बहुतेक वेळा अर्ज लिहायला बसलो हे कळल्यावरच दुकानात धान्य येतं.

अंगठ्याचं म्हणाल तर, पोळ्या-भांडी करणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. पीठ-तेलाचे हात घेऊन थेट जाऊ नका, धुऊन कोरडे करून जा. दुसरं बोट लावून बघा. तेही नाही तर सासूबाईंना न्या. त्यांच्या बोटांनी दगा दिला तर मिस्टरांना शेजारच्या पोराच्या मागे बसवून एकदा न्यावं लागेल. आधी एवढं तपासा की तुम्हा मोठ्यांची आणि मुलीची ई-केवायसी (आधारशी ठसा जुळवून ओळख पटवणं) झालीय का. नसेल तर त्या नावाचं धान्य थांबतं. ती याच मशीनवर, पुण्यातल्या दुकानात होते, गावी जावं लागत नाही. आणि पावती मागून घ्या. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २२, असं होता कामा नये.

आता २५ किलोचा हिशेब. पाच जण, तीस दिवस, म्हणजे माणशी दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. पोळी-भात यातच आला. यात ना डाळ, ना तेल, ना भाजी. म्हणजे धान्य आलं तरी ताट भरत नाही, फक्त पीठ वाटीनं मोजणं थांबतं. उरलेलं बाकीच्या दारांतून गोळा करायचं.

पहिलं दार मुलाचं. चार वर्षांचा मुलगा घरी का आहे? त्याला उद्याच अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं रोज गरम आहार मिळतो. त्यासाठी रेशनकार्ड लागत नाही, गाव विचारलं जात नाही. सेविकेला सांगा, बाहेरून आलो आहोत, नाव घ्या. वजनही करून घ्या, कारण गेल्या दोन महिन्यांत घटलं असेल तर तिला कळायला हवं.

दुसरं मुलीचं. पाचवीतल्या मुलीला शाळेत दुपारचं जेवण मिळतंय आणि ती ते टाकून घरी येते, तुमच्या मोजलेल्या पिठावर. मैत्रिणी हसतात म्हणून! त्या मैत्रिणी काय घरून पुरणपोळ्या आणतात का? तिला रागावू नका. दहा वर्षांच्या मुलीला लाज ही तुमच्या-माझ्याएवढीच खरी असते. तिच्या बाईंना जाऊन भेटा. वर्गाला वाढायचं काम तिला द्या म्हणावं. जी मुलगी हातात पळी घेऊन वाढते तिला कुणी हसत नाही, आणि वाढणारी शेवटी आपल्या ताटात थोडं जास्तच घेते.

तिसरं तुमचं. दोन घरी पोळ्या करता म्हणालात. त्या दोन्ही घरी काय झालंय ते सांगितलंय का? नसणार. रात्रीचं उरलेलं डब्यात घेऊन येण्यापेक्षा सरळ म्हणा, "ताई, या महिन्याचा किराणा भरून द्या, चार महिन्यांत पगारातून कापा." डाळ, तेल, शेंगदाणे, चहा-साखर, एवढीच यादी. उरलेल्या भाजीवर उपकार होतात. किराण्याचा हिशेब होतो, आणि हिशेबात मान राहतो. दोघींपैकी एक तरी हो म्हणेल, असा माझा अनुभव आहे.

मग शिजलेलं अन्न. शिवभोजन थाळी तुम्ही ऐकली असेल. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. हमालाचं पोट त्यात भरत नाही, तुमचं एक वेळचं भागेल. केंद्रं एसटी स्टँड, बाजार, दवाखाने अशा गर्दीच्या जागा धरून दिली होती. दिली होती असं म्हणते, कारण अनुदानाची बिलं रखडल्यानं अलीकडे बरीच बंद पडली. चालू आहे का ते आधी बघून या, पोराबाळांना घेऊन उन्हातान्हात जाऊन कुलूप बघू नका. थाळ्या ठरलेल्या असतात, उशिरा गेलं की संपतात. नाव आणि फोटो घेतात, तो त्यांच्या हिशेबासाठी असतो, पेपरात येत नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला जाणं झालं तर हमाल पंचायतीचं 'कष्टाची भाकर' आहे, बाबा आढावांनी १९७४ मध्ये उभं केलेलं. फुकट नाही, पण पैसे खऱ्या जेवणाचे घेतात आणि भाकरी भाकरीएवढी असते.

फुकट आणि कुणी काहीही न विचारता हवं असेल तर गुरुद्वारा. कॅम्पातला गुरुनानक दरबार आहे, तुमच्या बसच्या वाटेवर दुसराही एखादा असेल. रविवारी दुपारी लंगर हमखास. पायातलं बाहेर काढायचं, हात-पाय धुवायचे, डोक्यावर पदर, मुलाच्या डोक्याला रुमाल (तिथंच टोपलीत ठेवलेले असतात). आधी माथा टेकायचा, मग लंगरच्या हॉलमध्ये पंगतीत खाली बसायचं. पोळी वाढतील तेव्हा दोन्ही हात पुढे करायचे. हवं तेवढं पुन्हा घ्या, ताटात टाकू नका. नाव नाही, जात नाही, कार्ड नाही. शेजारी गाडीतून आलेला शेठ बसलेला असतो, त्याच ओळीत, त्याच चटईवर. कुणाला कळणार नाही असं तुम्ही मागितलं होतं, त्याला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जेवण झाल्यावर वाटलं तर आत जाऊन दहा रोट्या लाटून या. तुमचा हात बघून त्या बायका तुम्हाला सोडायच्या नाहीत.

गुरुवारी दत्ताच्या आणि स्वामी समर्थांच्या मठांत महाप्रसाद असतो, तिथं सासूबाईंना घेऊन जा. त्यांना ते भीक वाटणार नाही. प्रसादाला कोण नाही म्हणतं? लग्नसमारंभातलं उरलेलं अन्न वस्त्यांमध्ये वाटणारी मुलंही आहेत, २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीची पुण्यातही पथकं आहेत. ती घरोघर देत नाहीत, वस्तीत एका जागी येतात, तेव्हा शेजारच्या वस्तीत चौकशी करा. ते अन्न त्याच रात्री संपवा. पनीर आणि दह्याचं काही असेल तर मुलांना देऊ नका, सकाळसाठी ठेवू तर अजिबात नका. फोनवर "मोफत किराणा किट, इथे दाबा" असे मेसेज येतील. आधार आणि ओटीपी मागणारा माणूस किट द्यायला आलेला नसतो.

मिस्टरांना तपासणीला सरकारी दवाखान्यात नेत असाल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना एकदा भेटा. डॉक्टरांच्या नाही, यांच्या खोलीबाहेर गर्दी कमी असते. कुठला ट्रस्ट कुणाला धान्याचं किट देतो, हे शहरात ज्यांना पक्कं ठाऊक असतं अशा थोड्या लोकांत ते येतात. ससूनमधल्या रुग्णांना दगडूशेठ ट्रस्टकडून जेवण मिळतं, तशा गोष्टी त्यांच्या टेबलावरून जातात. आणि सासूबाई पासष्टच्या पुढे असतील तर श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचं विचारून ठेवा.

राहिल्या सासूबाई आणि त्यांची भीक.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील गिरणीत, आम्ही लालबागच्या चाळीत. पगार थांबला. काही महिन्यांनी कामगारांना धान्य वाटायला लागले, तर वडील जाईनात. आई जायची. घरातून निघताना कापडी पिशवीत दुसरी पिशवी घडी करून न्यायची, येताना नाक्यावर दहा पैशांची कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि ज्वारीच्या वर ती दिसेल अशी ठेवायची. म्हणजे जिन्यात कुणी भेटलं तर बाई बाजार करून आली. भाजीच्या नावानं घरात काही नसायचं, पण त्या वर्षी आमच्या आमटीत कोथिंबीर मात्र कधी कमी पडली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्याही तेच करायच्या. त्यांची पिशवीवर मेथी असायची.

सासूबाईंना पुण्याचीच गोष्ट सांगा. याच शहरात गरीब घरची मुलं झोळी घेऊन माधुकरी मागत, वार लावून जेवत, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि शिकून मोठी होत. अशा मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, ते आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून उभं आहे. कुणी त्या मुलांना भिकारी म्हटलं नाही. अर्थात ते वार ठरावीक जातीच्या मुलांनाच मिळायचे, तुमच्या-माझ्या आजोबांना त्या ओट्यावर कुणी पान मांडलं नसतं. म्हणून तर मला रेशनचा कायदा जास्त आवडतो. तिथं दुकानदार कुणी वाढपी नाही आणि तुम्ही कुणी याचक नाही, मशीनवर तुमच्या नावापुढे किलो लिहिलेले आहेत.

तर उद्या सकाळी अंगणवाडी, संध्याकाळी लातूरचा फोन. दुकानात महिन्याच्या सुरुवातीलाच जा. पिशव्या घरून दोन न्या, गव्हाला वेगळी, तांदळाला वेगळी, दुकानात पिशवी मिळत नाही. २५ किलो एका हातानं उचलणार नाही, मुलीला सोबत घ्या. तिला आपण काय आणायला चाललो आहोत, ते सांगूनच घ्या.